डेट्रॉइट १९३०–३५ : रेडिओ आणि करमणुकीच्या रकान्यांच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

कामाची हद्द आज ठरली. डेट्रॉइटच्या इंग्रजी दैनिकांत १९३० ते १९३५ या सहा वर्षांत रोज येणारे दोन रकाने आम्ही उतरवून काढणार आहोत. एक रेडिओच्या कार्यक्रमांचा, दुसरा सिनेमा-नाटक-नाचघरांच्या जाहिरातींचा. प्रत्येक वर्षातले चार आठवडे पूर्ण घ्यायचे, शिवाय शहराच्या दृष्टीने महत्त्वाचे दिवस वेगळे घ्यायचे. सगळं एका तक्त्यात असं बसवायचं की कुणालाही तारीख, स्टेशन, थिएटर किंवा कलाकाराच्या नावाने शोधता येईल.

डेट्रॉइटच का, तर इथे मंदीचा घाव फार खोल गेला. १९३० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १५,६८,६६२ होती, अमेरिकेतलं चौथ्या क्रमांकाचं शहर. त्यातली बहुतेक घरं या ना त्या वाटेने मोटारीवर जगत होती. १९२९ मध्ये अमेरिकेत ५३ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. १९३२ मध्ये हा आकडा १४ लाखांच्या आत आला. कारखान्याच्या फाटकावरून परत पाठवलेल्या माणसांच्या कहाण्या पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. तीच माणसं घरी परतल्यावर संध्याकाळी काय ऐकत होती, खिशात पंधरा सेंट असतील तर कुठे जात होती, याचा रोजच्या रोज ठेवलेला हिशोब या दोन रकान्यांतच आहे. तो बारीक टायपात आहे म्हणून आजवर कुणी नीट वाचलेला नाही, आणि मला तो वाचायचा आहे.

१९३० च्या जनगणनेत प्रत्येक कुटुंबाला 'घरात रेडिओ आहे का' हा प्रश्न विचारला होता. देशातल्या सुमारे ४० टक्के कुटुंबांनी हो म्हटलं. १९४० मध्ये हे प्रमाण ८३ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे माणसं घरभाडं थकवत होती, फर्निचर विकत होती, त्याच दहा वर्षांत रेडिओ घरात येत होता. सेट एकदा हप्त्याने घेतला की पुढचं ऐकणं फुकट होतं.

१९ जानेवारी

पहिली रिळं बघून झाली. मायक्रोफिल्मवर कडेची अक्षरं पुसट आहेत, पण मधले रकाने स्वच्छ आहेत. यंत्राकडून अक्षरओळख करून घेण्याचा नाद सोडला. रकान्यातल्या ठिपक्यांच्या रांगा, अपूर्णांक आणि डब्ल्यूने सुरू होणारी स्टेशनांची नावं यांत यंत्र पार गोंधळतं. दोघांनी स्वतंत्रपणे टाइप करायचं आणि मग ताडून बघायचं, असं ठरलं.

वाचताना स्टेशनाच्या नावाइतकाच डायलवरचा आकडाही महत्त्वाचा आहे, म्हणून तो वेगळ्या रकान्यात ठेवला. डब्ल्यूजेआर ७५० किलोसायकल (आजच्या भाषेत किलोहर्ट्झ), डब्ल्यूडब्ल्यूजे ९२०, डब्ल्यूएक्सवायझी १२४०. आज इथल्या लोकांना ७६०, ९५० आणि १२७० हे आकडे पाठ आहेत. हा फरक म्हणजे छपाईची चूक नव्हे. २९ मार्च १९४१ रोजी उत्तर अमेरिकेतली बहुतेक स्टेशनं एका करारानुसार डायलवर सरकली, त्यामुळे तो पडला. टाइप करणाऱ्यांनी जुने आकडे दुरुस्त करू नयेत, अशी ठळक सूचना तक्त्याच्या माथ्यावर घातली आहे.

नावं लिहायची त्या काळची रीतही सांभाळायला हवी. कॉफीच्या किंवा यीस्टच्या कंपनीने पैसे मोजून उभा केलेला कार्यक्रम असला, तरी वृत्तपत्रं रकान्यात कंपनीचं नाव सहसा गाळत आणि नुसतं कलाकाराचं नाव, 'रूडी व्हॅली' किंवा 'एडी कॅन्टर' असं, छापत. फुकटात जाहिरात का करायची, हा त्यांचा सरळ हिशोब. त्यामुळे 'छापलेलं नाव' आणि 'कार्यक्रमाचं पूर्ण नाव' असे दोन रकाने ठेवले. छापलेल्याला हात लावायचा नाही.

२ फेब्रुवारी

'मालकी' हा रकाना वाढवला. तो नसेल तर या याद्या नीट वाचताच येत नाहीत.

डब्ल्यूडब्ल्यूजे हे स्टेशन डेट्रॉइट न्यूज या दैनिकाचं. २० ऑगस्ट १९२० रोजी वृत्तपत्राच्याच इमारतीतून प्रक्षेपण सुरू झालं. तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या स्टेशनांत ते मोडतं. रेडिओचा रकाना छापणाराच रेडिओ चालवत होता, तर त्याच्या पानावर त्याच्या स्टेशनाला झुकतं माप मिळणार हे उघड आहे. एखाद्या स्टेशनाच्या नोंदी भरगच्च दिसल्या म्हणून ते जास्त ऐकलं जात होतं, असा निष्कर्ष कुणी काढू नये.

डब्ल्यूएक्सवायझीची गोष्ट याहून रंजक आहे. जॉर्ज ट्रेंडल हे मूळचे सिनेमा थिएटरांच्या धंद्यातले. भागीदार जॉन कुन्स्की यांच्याबरोबर त्यांची डेट्रॉइटमध्ये मोठी साखळी होती. १९२९ मध्ये ती पॅरामाउंटच्या पब्लिक्स कंपनीकडे गेली आणि १९३० मध्ये या जोडीने एक रेडिओ स्टेशन विकत घेऊन त्याला डब्ल्यूएक्सवायझी हे नाव दिलं. तिकीटखिडकीवर मुरलेली माणसं फुकट ऐकवायच्या धंद्यात उतरली. १९३२ मध्ये त्यांनी सीबीएसचं जाळंही (एकाच कंपनीचे कार्यक्रम ऐकवणाऱ्या देशभरच्या स्टेशनांची साखळी) सोडलं आणि स्वतःच्या बळावर कार्यक्रम बनवायला घेतले. सीबीएसचे कार्यक्रम मग नदीपलीकडे, कॅनडातल्या विंडसरच्या नव्या स्टेशनावरून डेट्रॉइटकरांना ऐकू येऊ लागले. तेच स्टेशन पुढे सीकेएलडब्ल्यू झालं. यादीत परदेशी स्टेशन का, असा प्रश्न एकाने विचारला होता. डेट्रॉइट नदी ओलांडली की कॅनडा, आणि रेडिओच्या लहरींना पुलाचा टोल नाही.

फ्री प्रेस या दुसऱ्या दैनिकाचे प्रकाशक ई. डी. स्टेअर हेही तरुणपणी थिएटरवाले होते. स्टेअर अँड हॅवलिन ही फिरत्या नाटकांची मोठी साखळी त्यांच्याच नावाची. हे गृहस्थ पुढे बँकांच्या प्रकरणात पुन्हा येतील.

८ फेब्रुवारी

नियम पक्का केला: तक्त्यातली प्रत्येक ओळ 'छापील' धरायची. 'प्रत्यक्ष झाला' हा शेरा दुसरा पुरावा मिळेल तेव्हाच. रकाना आदल्या दिवशी तयार होतो, रविवारची पुरवणी तर त्याहून आधी. ऐनवेळी मोठी बातमी आली, गायक आजारी पडला, राष्ट्राध्यक्ष बोलायला उभे राहिले, तर छापलेलं तसंच राहतं.

२३ फेब्रुवारी

जुलै १९३० चा आठवडा पूर्ण. यात जेरी बकली.

डब्ल्यूएमबीसी हे लहानसं स्टेशन वुडवर्ड या शहरातल्या मुख्य रस्त्यावरच्या ला साल हॉटेलातून चाले. बकली तिथले भाष्यकार. बेकारांची बाजू मांडणारे, म्हाताऱ्यांना पेन्शन मिळावं म्हणणारे, गुन्हेगारी टोळ्यांवर तोंडसुख घेणारे. २२ जुलै १९३० रोजी शहराने महापौर चार्ल्स बोल्स यांना पदावरून हटवण्याच्या बाजूने कौल दिला. त्याच रात्री, म्हणजे २३ तारीख उजाडता उजाडता, हॉटेलच्या लॉबीत बकली यांना गोळ्या घालून ठार केलं. त्यांना कुणी मारलं हे न्यायालयात कधीच सिद्ध झालं नाही.

डब्ल्यूएमबीसीसारख्या स्टेशनांच्या याद्या थोडक्यात छापल्या जात आणि जागा कमी पडली की पहिली कात्री त्यांनाच लागे. हजारो लोक ज्याच्यासाठी सेट लावून बसत, त्याच्या वाट्याला नावाची एक ओळ, तीही रोज नाही. लहान स्टेशनांच्या बाबतीत रकान्यातली रिकामी जागा म्हणजे 'कार्यक्रम नव्हता' असं धरायचं नाही, 'छापला नाही' असं धरायचं. हा शेरा आता कोडमध्येच घातला आहे.

९ मार्च

आज ताडून बघायला आमच्या मंडळातले एक काका आले. पन्नास वर्षांपूर्वी पुण्याहून इथल्या मोटार कंपनीत इंजिनिअर म्हणून आलेले. अर्धा तास मुकाट्याने तपासत होते. मग म्हणाले, "अगं, एवढं सगळं टिपून ठेवतेस ते ठीक आहे. पण त्या दिवशी शहरात काय चाललं होतं, ते इथे कुठेच दिसत नाही."

समोर ७ मार्च १९३२ चं पान होतं. सोमवार. त्या दिवशी फोर्डच्या रूज कारखान्यावर बेकारांचा मोर्चा गेला. मागण्या होत्या काम, वैद्यकीय मदत आणि घरातून बाहेर काढणं थांबवणं. कारखाना ज्या गावात होता त्या डिअरबॉर्नचे पोलीस आणि कंपनीचे पहारेकरी यांनी गोळीबार केला. चौघे ठार झाले, पाचवा नंतर दगावला. रकान्याला यातलं काहीच ठाऊक नाही, कारण तो आधीच छापून झाला होता. त्या संध्याकाळीही सात वाजता 'एमॉस अँड अँडी' लागायचंच होतं.

"म्हणूनच तर शेजारी दिनविशेषाचा रकाना ठेवलाय काका," मी म्हटलं. "दोन्ही एका ओळीत आले, की वाचणाऱ्याला दिसेल."

काकांनी मान डोलावली आणि पुढचं पान मागितलं.

'एमॉस अँड अँडी'बद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आमच्या दोन्ही रकान्यांना जोडणारा तोच दुवा आहे. एनबीसी या सीबीएससारख्याच जाळ्यावर १९ ऑगस्ट १९२९ पासून चालणारी ही पंधरा मिनिटांची रोजची मालिका इतकी लोकप्रिय झाली, की संध्याकाळी सात वाजता सिनेमा थिएटरं ओस पडायला लागली. मग देशभरच्या थिएटरवाल्यांनी शक्कल लढवली: चालू सिनेमा थांबवायचा, पडद्याशेजारी लाउडस्पीकरवर मालिका ऐकवायची आणि मग रीळ पुन्हा सुरू करायचं. तसं जाहिरातीतही छापायचं. सिनेमाच्या जाहिरातीत रेडिओची वेळ दिसली, की टाइप करणाऱ्यांनी ती वेगळी टिपावी.

आणि हेही टिपलं पाहिजे की कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज काढणारे फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोघेही गोरे होते. १९३१ मध्ये पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने मालिकेविरुद्ध सह्यांची मोहीम चालवली. 'लोकप्रिय' हा शब्द एकट्याने पुरेसा नाही. कुणाला प्रिय आणि कुणाच्या जिवावर, हे तक्त्याच्या टिपणांत यायलाच हवं.

३० मार्च

तिकिटांचे दर. जाहिरातींत ४० सेंट हा आकडा १९३२ च्या उन्हाळ्यापासून सारखा का भेटतो, याचं उत्तर करात आहे. जून १९३२ च्या महसूल कायद्याने ४० सेंटपेक्षा महाग तिकिटावर दहा टक्के करमणूक कर बसवला. त्याआधी तीन डॉलरपर्यंतच्या तिकिटाला सूट होती. म्हणून कराच्या रेषेखाली राहण्याची धडपड. मोठी थिएटरं दुपारचे दर उतरवत, संध्याकाळी चढवत, मुलांचे वेगळे लावत. मोहल्ल्यातली थिएटरं दहा-पंधरा सेंटांवर निभावत आणि आठवड्यातून दोन-तीनदा सिनेमा बदलत.

मोठी म्हणजे किती मोठी? वुडवर्डवरचं फॉक्स, १९२८ मध्ये उघडलेलं, पाच हजारांवर खुर्च्यांचं. बॅग्ली अव्हेन्यूवरचं मिशिगन, १९२६ चं, चार हजारांच्या आसपास. कामगार घरी बसले, की एवढ्या खुर्च्या भरायच्या कशा? एका तिकिटात दोन सिनेमे. सोबत रंगमंचावर बँड, विनोदवीर, कसरती. बायकांसाठी बश्या-कपांची रात्र: दर आठवड्याला तिकिटामागे एक भांडं, सेट पुरा करायचा तर येत राहायचं. 'बँक नाइट'मध्ये दारातल्या वहीत नाव नोंदवायचं आणि सोडतीत ते निघालं तर काही मिनिटांत रंगमंचावर हजर व्हायचं. नाव नोंदवायला तिकीट लागत नसे, म्हणून ती कायद्याच्या भाषेत लॉटरी ठरू नये, असा बेत होता.

मिशिगन थिएटरची वास्तू आज गाड्यांचा वाहनतळ आहे, नक्षीदार छताखाली तीन मजले गाड्या. हेन्री फोर्डने पहिली गाडी ज्या शेडमध्ये बनवली, ती याच जागेवर होती. परवा तिथे मुद्दाम जाऊन आले. रकान्यात 'मिशिगन' हा शब्द टाइप करताना आता ते छत नजरेसमोर असतं.

२० एप्रिल

फेब्रुवारी-मार्च १९३३ संपवला. अख्ख्या प्रकल्पातले हे सगळ्यात दाट आठवडे.

आधी 'लोन रेंजर'. ट्रेंडल यांनी डब्ल्यूएक्सवायझीवर सुरू केलेली ही मुखवटाधारी घोडेस्वाराची मालिका. लेखक बफेलोचे फ्रान स्ट्रायकर, दिग्दर्शक जेम्स ज्यूएल, नट स्थानिक. जाळ्याचे महागडे कार्यक्रम नसलेल्या स्टेशनाने घरच्या घरी उभी केलेली मालिका. पहिल्या प्रक्षेपणाची तारीख पुष्कळ ठिकाणी ३० जानेवारी १९३३ अशी देतात, काही ठिकाणी ३१. तीस तारखेला सोमवार होता, एकतीसला मंगळवार. मालिका सुरुवातीला मंगळवार, गुरुवार, शनिवार अशी लागत असे, त्यामुळे माझा कल एकतीसकडे आहे. सोमवार-बुधवार-शुक्रवार, साडेसात, ही पुढे सगळ्यांना पाठ झालेली वेळ नंतरची. असल्या वादात रोजचा रकाना साक्षीला येतो, फक्त ८ फेब्रुवारीचा 'छापील' धरण्याचा नियम विसरायचा नाही.

मग दोन आठवड्यांत बँका. युनियन गार्डियन ट्रस्ट ही कंपनी बुडायच्या बेतात आली, तिला सावरण्याच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि १४ फेब्रुवारीच्या पहाटे गव्हर्नर विल्यम कॉमस्टॉक यांनी मिशिगनमधल्या सगळ्या बँका बंद ठेवण्याचा हुकूम काढला. लोक सकाळी उठले तेव्हा हातात होती तेवढीच चिल्लर. थिएटरचा धंदा तर चिल्लरीवरच चालतो. ४ मार्चला नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा शपथविधी झाला, ६ मार्चपासून देशभरच्या बँका बंद, आणि १२ मार्चला, रविवारी रात्री दहा वाजता, रूझवेल्ट रेडिओवर बोलले. बँका का बंद केल्या आणि कशा उघडणार, ते साध्या भाषेत समजावून सांगितलं. सोमवारी कुठे कुठे बँका उघडायला लागल्या. पण डेट्रॉइटच्या दोन सगळ्यात मोठ्या बँका, फर्स्ट नॅशनल आणि गार्डियन नॅशनल, पुन्हा उघडल्याच नाहीत. २४ मार्चला जनरल मोटर्स आणि केंद्र सरकारच्या पैशातून नॅशनल बँक ऑफ डेट्रॉइट उभी राहिली, तेव्हा कुठे शहराला श्वास मिळाला. रूझवेल्टचं ते भाषण डेट्रॉइटमध्ये ऐकणारा माणूस बाकीच्या देशापेक्षा तीन आठवडे जास्त बिनपैशाचा होता. दिनविशेषात मी १४ फेब्रुवारी ते २४ मार्च हा सगळा पट्टाच रंगवून ठेवला आहे.

आणि रविवारी दुपारी फादर चार्ल्स कॉगलिन. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओकच्या चर्चमधून १९२६ पासून डब्ल्यूजेआरवर बोलत आलेले. सीबीएसने १९३१ मध्ये त्यांना सोडल्यावर त्यांनी स्वतःच स्टेशनांची साखळी जमवली. मार्च १९३३ च्या अखेरीस त्यांनी डेट्रॉइटच्या बँकवाल्यांवर हल्ला चढवला आणि त्यात नाव घेतलं ते ई. डी. स्टेअर यांचं. फ्री प्रेसचे प्रकाशक असलेले हे गृहस्थ डेट्रॉइट बँकर्स कंपनीचेही अध्यक्ष होते. फ्री प्रेसनेही कॉगलिन यांच्यावर उलट तोफ डागली. थिएटर, वृत्तपत्र, बँक आणि रेडिओ हे चार धागे एकाच भांडणात! 'मालकी'चा रकाना वाढवला त्याचं इथे चीज झालं. कॉगलिन पुढे उघड ज्यूद्वेषाकडे वळले, हे त्यांच्या नोंदीच्या टिपणात स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे. १९३३ ची ओळ वाचणाऱ्याने १९३८ चा माणूस विसरू नये.

लोन रेंजरकडे परत. मे महिन्यात श्रोत्यांना खेळण्यातली बंदूक देऊ केली, पहिल्या तीनशे पत्रांना. पत्रं आली २४,९०५. जुलैत बेल आइल बेटावर रेंजर प्रत्यक्ष येणार म्हटल्यावर सुमारे ७०,००० माणसं जमल्याचं सांगतात. रकान्यात मात्र तीच पंधरा-वीस अक्षरांची ओळ, आदल्या आठवड्यासारखीच. ओळीच्या लांबीवरून वजन ठरवता येत नाही, हे नव्या मदतनिसांना पटवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

१८ मे

एप्रिल १९३३. ज्या रकान्यावर आम्ही इतके दिवस बसलो आहोत, त्याच्याच मुळावर वृत्तपत्रं उठली ती याच महिन्यात.

१९२९ ते १९३३ मध्ये वृत्तपत्रांचं जाहिरातीचं उत्पन्न निम्म्याजवळ घसरलं होतं. रेडिओचं मात्र वाढत होतं. प्रकाशकांच्या संघटनेने ठराव केला: रेडिओचे कार्यक्रम फुकट छापायचे नाहीत, जाहिरात म्हणून पैसे घेऊन छापायचे. असोसिएटेड प्रेस या बातमीसंस्थेने रेडिओच्या जाळ्यांना बातम्या द्यायचं बंद केलं. डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलात तह झाला आणि १ मार्च १९३४ पासून प्रेस-रेडिओ ब्युरो सुरू झाला: दिवसातून दोनदा पाच मिनिटं, सकाळी साडेनऊनंतर आणि रात्री नऊनंतर, एक बातमी तीस शब्दांपर्यंत, प्रायोजक नाही. हेतू एकच, की माणसाने आधी वृत्तपत्र विकत घ्यावं. वर्ष-दीड वर्षात हा बांध फुटला, कारण स्वतंत्र बातमीसंस्था रेडिओला बातम्या विकायला पुढे आल्या. यादी बंद करण्याचा प्रयोग ज्यांनी केला, त्यांना वाचकांनी ऐकवलं. यादी नसेल, तर लोक यादी छापणारं दुसरं दैनिक घेत.

डेट्रॉइट न्यूजसारखं, स्वतःचं स्टेशन असलेलं दैनिक या भांडणात दोन्ही बाजूंना उभं होतं.

आम्ही हे सगळं टिपतो आहोत ते या रकान्याला स्वतःचं मोल आहे म्हणून. वाचकांना तो हवा होता, इतका, की मालकांना हार मानावी लागली. मंदीतल्या माणसाने भाकरीइतकाच हट्ट या बारीक टायपाच्या यादीसाठीही धरला. मला हे फार मोठं वाटतं.

८ जून

काकांनी विचारलं, "तेव्हा मुंबईत काय परिस्थिती होती गं?" घरी येऊन त्यांच्यासाठी चार ओळी लिहिल्या, त्या इथेही ठेवते. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केलं. ऐकणारे परवानाधारक थोडे, आवक तुटपुंजी. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत गेली. एप्रिलपासून सरकारने सेवा हाती घेतली. ऑक्टोबर १९३१ मध्ये काटकसर म्हणून तीही बंद करायचं ठरलं आणि लोकांच्या ओरडीनंतर नोव्हेंबरात तो निर्णय फिरवला गेला. मंदी तीच, पण इथे रेडिओ घराघरांत शिरत होता आणि तिथे जेमतेम तगून होता.

६ जुलै

गैरहजर असलेल्यांची यादी. महिनाभर यावरच होते.

१९३० मध्ये डेट्रॉइटमध्ये १,२०,०६६ कृष्णवर्णीय राहत होते. ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली या वस्त्यांत, हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या आजूबाजूला, नाचघरं, क्लब, सिनेमे यांची वर्दळ होती. गोऱ्यांच्या दैनिकांतल्या करमणुकीच्या पानावर त्यांचा मागमूस नसल्यात जमा. वुडवर्डवरच्या ग्रेस्टोन बॉलरूमच्या जाहिराती भेटतात. तिथेच जीन गोल्डकेट यांचा बँड आणि मॅकिनीज कॉटन पिकर्स हा कृष्णवर्णीयांचा गाजलेला बँड वाजत. पण वादक कृष्णवर्णीय असले, तरी कृष्णवर्णीय नाचणाऱ्यांना प्रवेश सोमवारीच. पानावरच्या जाहिरातींवरून हे कळत नाही. ज्यांना कळायला हवं, त्यांना माहीत होतंच.

हेस्टिंग्ज स्ट्रीट पुढे महामार्गासाठी खणून टाकला. इमारतीही नाहीत आणि मोठ्या दैनिकांत नोंदीही नाहीत. म्हणून हद्द वाढवायची ठरवली: डेट्रॉइट ट्रिब्यून या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाचे १९३० च्या दशकातले उपलब्ध अंक यात घ्यायचे. मिशिगन क्रॉनिकल १९३६ मध्ये सुरू झालं, म्हणजे आमच्या हद्दीबाहेर, पण पहिल्या वर्षाचे अंक पुरवणी म्हणून घेऊ. कुणाची संध्याकाळ टिपली जाते आणि कुणाची नाही, हे तक्त्यातच दिसलं पाहिजे, प्रस्तावनेतल्या एका वाक्यात नव्हे.

पोलिश लोकांचंही तसंच. डेट्रॉइटने वेढलेल्या हॅमट्रॅमक गावात घरोघरी पोलिश. डब्ल्यूजेबीकेसारखी लहान स्टेशनं पोलिश, हंगेरियन आणि इतर भाषांना तास विकत. इंग्रजी रकान्यात त्याची नोंद जेमतेम 'पोलिश तास'. गाणारे कोण, बोलणारे कोण, ते 'जिएन्निक पोल्स्की' या शहरातल्या पोलिश दैनिकात बघावं लागेल. पोलिश वाचणाऱ्या एक आजी ग्रंथालयात भेटल्या आणि पुढच्या महिन्यापासून येते म्हणाल्या.

जहाजं सोडून मोटार कारखान्यांत शिरलेले काही बंगाली खलाशीही त्या काळी या शहरात होते. त्यांच्यासाठी कुठल्याच रकान्यात एक ओळही नाही.

१० ऑगस्ट

ऑक्टोबर १९३४, वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या अजिंक्यपदाचे सामने. डेट्रॉइट टायगर्स विरुद्ध सेंट लुइस कार्डिनल्स. फोर्डने प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी एक लाख डॉलर मोजले. सिरीजला प्रायोजक मिळण्याची ही पहिलीच वेळ.

पण शहराला हवा होता टाय टायसन यांचा आवाज. १९२७ पासून डब्ल्यूडब्ल्यूजेवर टायगर्सचे सामने तेच सांगत. बेसबॉलचे आयुक्त जज लँडिस यांनी ते घरच्या संघाकडे झुकतील म्हणून राष्ट्रीय प्रक्षेपणातून त्यांना वगळलं. चाहते खवळले. अखेर फक्त डब्ल्यूडब्ल्यूजेवर, डेट्रॉइटपुरतं, टायसननी बोलावं अशी मुभा मिळाली. म्हणून त्या आठवड्यात एकाच सामन्याच्या ओळी वेगवेगळ्या स्टेशनांखाली येतात. त्या एकत्र करायच्या नाहीत, वेगळ्याच ठेवायच्या. कोणाच्या तोंडून ऐकायचं हे निवडण्यासाठीच शहर भांडलं होतं.

सातवा सामना ९ ऑक्टोबरला डेट्रॉइट ११–० ने हरलं. प्रेक्षकांनी कार्डिनल्सच्या जो मेडविक या खेळाडूवर फळं आणि बाटल्या फेकल्या आणि लँडिसनी त्याला मैदानाबाहेर बसवलं.

१४ सप्टेंबर

शेवटचा मोठा भाग: २९ सप्टेंबर १९३५, रविवार. एका दिवसात तीन स्टेशनांची जाळी बदलली. डब्ल्यूजेआर एनबीसी सोडून सीबीएसकडे गेलं. सीकेएलडब्ल्यू सीबीएस सोडून म्युच्युअल या तिसऱ्या जाळ्याकडे. डब्ल्यूएक्सवायझी म्युच्युअल सोडून एनबीसीच्या ब्लू जाळ्याकडे. लोन रेंजर मात्र करारामुळे देशभर म्युच्युअलवरच राहिला, आणि डेट्रॉइटमध्ये घरच्या डब्ल्यूएक्सवायझीवर. वर्षानुवर्षं सात वाजता बोट ७५० वर नेणाऱ्या माणसाला त्या आठवड्यात आपले कार्यक्रम डायलवर नव्याने शोधावे लागले असणार, आणि त्यासाठी वृत्तपत्राचा रकाना उघडावाच लागला असणार.

तक्त्यातला 'जाळं' हा रकाना स्टेशनाला बांधला होता. आता तो तारखेला बांधायला हवा. स्टेशन, पासून, पर्यंत, जाळं, असा वेगळा तक्ता करायला घेतला आहे. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, टायगर्सची पुढची वर्ल्ड सिरीज शिकागो कब्जविरुद्ध सुरू होते आणि ७ तारखेला ते जिंकतात, म्हणजे त्या आठवड्याचे रकाने एकाच वेळी नव्या जाळ्यांनी आणि जादा प्रक्षेपणांनी भरलेले असतील. तो आठवडा मी आणि काका दोघं मिळून टाइप करणार आहोत. ट्रिब्यूनचे त्याच आठवड्याचे स्कॅन मागवले आहेत आणि आजी सप्टेंबरचं पोलिश दैनिक वाचायला लागल्या आहेत.